‘न’ कुणी पळवला हो?

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी. कपडे घाला वाळत सावकाश, मी आहे उभी. पण हे तुम्हाला सांगितल्याशिवाय दुपारचा चहा काही घशाखाली उतरायचा नाही माझ्या.

परवाचं हळदीकुंकू चुकवलंत ना तुम्ही? कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं? मग काय, चुकलंच. वाण नेहमीचंच, स्टीलची वाटी... पण भांडण! असं रंगलं की तिळगूळ हातातच राहिला बायकांच्या. आणि कशावरून म्हणाल, तर ऑरेंजवरून. संत्र्यावरून नव्हे हो. संत्री तर अशी गोड होती! नागपूरच्या वहिनींच्या भावानं पेटी धाडली होती. भांडण शब्दावरून. इंग्रजीतला तो ऑरेंज, तो मूळचा कुणाच्या घरचा आणि त्याच्या नावातलं अक्षर कुणी खाल्लं, यावरून!

तर झालं काय, कार्यक्रम बायकांचा, पण मास्तर आपले आतल्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले. तुम्हाला माहीतच आहे त्यांचं, पेपर तोंडासमोर आणि कान हॉलमध्ये. वहिनी संत्रं सोलत होत्या. देठाशी नख लावलं, एक चीर दिली, की साल आपोआप सुटून आली. नागपूरची साल सैलच असते ना... त्यातली एक बारीक चिळकांडी उडाली ती थेट शेजारच्या काकूंच्या डोळ्यात. काकू डोळे चोळतायत आणि इकडे मास्तर पेपर खाली करून म्हणतात, “या फळाचं इंग्रजी नाव खरं म्हणजे नॉरेंज, बरं का! इंग्रजांनी ‘अ नॉरेंज’चं ‘ॲन ऑरेंज’ केलं. न चोरला. कोहिनूर नेला त्यांनी, तिथं न काय सोडतात!”

झालं. सगळ्या खो खो हसल्या. मास्तरांचा चेहरा असा खुलला म्हणता! आणि तेवढ्यात वहिनींची धाकटी जाऊ, तीच हो, भाषाशास्त्रात एम.ए. करतेय ती, कधी मान वर करून बोलायची नाही... ती बसल्या जागेवरून म्हणते, “नाही काका. न इंग्रजांनी नाही चोरला. शब्द त्यांच्या हाती आला तेव्हाच तो नव्हता.”

हॉल चिडीचूप. मास्तरांचं तोंड एवढंस्सं झालं. पेपर पुन्हा वर गेला, पण उलटा धरला होता. मी स्वतः पाहिलं.

मग काय, आम्ही सगळ्यांनी तिला घेरलंच. सांग बाई, नीट सांग, कुणी नेला तो न? आणि तिनं जे एकेक काढलं ना... अहो, मालिका झक मारतील!

हे बघा, आपल्याकडे नव्या सुनेचं नाव कसं बदलायचे? तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहायचं, की माहेरचं नाव गेलं. या शब्दाचं डिट्टो तसंच. घरोघर सून म्हणून गेला, आणि प्रत्येक घरानं ताटात आपलं अक्षर गिरवलं.

माहेर कुठलं, तर आपल्या दक्षिणेतलं. द्राविडी भाषांमधलं. मल्याळममध्ये अजून नारंगा म्हणतात की हो! फक्त तिथे तो लिंबाला. मागे आमच्याकडची मंडळी केरळला गेली होती, नारंगा वेळ्ळम मागवलं ऑरेंज ज्यूस समजून, आणि समोर आलं आपलं साधं लिंबू सरबत. तेव्हा हसलो होतो, पण ती पोरगी म्हणते तेच मूळ घराणं. तिथून तो संस्कृतात आला. नारंग झाला, कुठे नागरंग झाला. पंडितांना वाटलं आपलाच. मग इराणात गेला, नारंग. अरबांकडे गेला, नारंज. बघा हं, प्रत्येक सासरी थोडं थोडं बदललं, पण पहिला न कसा शाबूत!

आणि अरबांचं तर ऐकाच. १०व्या शतकात मसूदी म्हणून मोठा लेखक होऊन गेला त्यांच्यात. त्यानं लिहून ठेवलंय, की हे झाड हिंदुस्थानातून आणलं, आधी ओमानात लावलं, मग बसऱ्याला, मग सीरियात. साल त्यांच्या हिशेबानं हिजरी ३०० नंतरचं, म्हणजे आपलं इसवी ९१२ धरा. आणि पुढे काय म्हणतो माहितीये? हिंदुस्थानात त्याला जो वास होता, जो रंग होता, तो इथं राहिला नाही! ऐकलंत? हजार वर्षांपूर्वीचा माणूस कबूल करतोय. हे ऐकून वहिनींनी अशी मान ताठ केली, जसं काही झाड त्यांच्याच परसातून गेलं होतं.

एक मात्र लक्षात ठेवा हं, नाहीतर पुढे कन्फ्यूज व्हाल. हे जे पहिल्यांदा गेलं ना, ते गोड संत्रं नव्हेच. कडू नारिंग. अरबांनी तेच सिसिलीत नेलं, स्पेनमध्ये नेलं. कॉर्डोव्हाच्या जुन्या मशिदीचं अंगण आहे बघा, त्याला अजून नारिंगांचं अंगण म्हणतात. सेव्हिलच्या रस्त्यांवर दुतर्फा हीच झाडं. फळं लगडलेली, पण तोंडात घालाल तर चेहरा वाकडा. मग त्याचा मुरंबा करायचा, तोच साहेबाचा मार्मालेड. स्पेनमध्ये नाव पडलं नारांखा. न आहे. हंगेरीत नारांच. तिथेही आहे. व्हेनिसची मंडळी म्हणायची नारांझा. तिथेसुद्धा आहे!

तर काय सांगत होते... हां, न. तो सुटला कुठे, तर इटलीत आणि फ्रान्समध्ये. तिथे नामाच्या आधी उना लावायचं, ऊन लावायचं. उना नारांचा, उना नारांचा असं भराभर म्हणून बघा बरं. उनाचा न कुठे संपतो आणि नारांचाचा कुठे सुरू होतो, ते कळतं का? नाहीच कळत. लोकांना वाटलं, हा न पुढच्याचाच. झालं उन अरांचा. चोरी नाही, दरोडा नाही, घाईघाईत बोलण्यात गळून पडला बापडा. फ्रेंचांकडे गेला तोवर ओरेंज झाला होता. आणि इंग्रजीत हा शब्द १४व्या शतकापासून सापडतो, तो थेट या फ्रेंचांकडून घेतलेला. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तेवढ्यात पेपराच्या मागून आवाज, “पण इंग्रज असं करतात, हे तरी खरं ना?” मास्तरच! हार मानतील तर शपथ.

तर ती म्हणाली, “करतात की काका. भरपूर केलंय.” आणि तिनं यादीच काढली. ॲप्रन घ्या, स्वयंपाक करताना बांधतो तो. मूळ नॅप्रन. अ नॅप्रनचं ॲन ॲप्रन झालं. ॲडर म्हणून त्यांच्याकडे विषारी साप आहे, तो मुळातला नॅडर. आणि अंपायर! मॅचमध्ये ज्याच्या बोटावर घरातली सगळी पुरुषमंडळी जीव टांगून बसतात, तो मूळचा नूम्पेअर. म्हणजे जोडीत न बसणारा, दोघांच्या वरचा तिसरा. त्याचाही न गेला. आणि उलटंही केलंय बरं का! निकनेममध्ये न मुळात नव्हताच. ॲन एकनेम, म्हणजे जास्तीचं नाव. त्याला न चिकटवून अ निकनेम केलं. न्यूट नावाचा तो पालीच्या वळणाचा प्राणी, त्यालाही असाच फुकटचा न मिळाला. म्हणजे सवय आहे त्यांना. पण या एका गुन्ह्यात हात नाही. सवयीचा चोर म्हटल्यावर शेजारच्या गल्लीतली चोरीही त्याच्याच नावावर खपते, नाही का?

मास्तरांनी पेपर सुलटा केला. एवढं समाधान त्यांना पुरलं असावं.

आता खरी लबाडी सांगते. जवळ या. लबाडी केली ती लॅटिन लिहिणाऱ्या पंडितांनी. लॅटिनमध्ये सोन्याला ऑरम म्हणतात, फ्रेंचांत सोनं म्हणजे ओर. फळ सोनेरी, शब्दात ओर... पंडितांचे डोळे चमकले. त्यांनी या शब्दासाठी मुद्दाम एक लॅटिन नाव बनवलं, ऑरांटियम. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, अरे वा, सोन्याच्या घराण्यातली मुलगी! खोटी पत्रिका हो चक्क! आणि खपली. एवढी खपली की कडू नारिंगाचं शास्त्रीय नाव अजून सिट्रस ऑरांटियम. लिनियसनं १७५३मध्ये तेच ग्रंथात घातलं आणि कॉलेजात पोरं तेच पाठ करतात. १८८६मध्ये युल आणि बर्नेल या दोघा साहेबांनी हॉब्सन-जॉब्सन नावाचा कोश काढला, त्यात स्पष्ट लिहिलंय, की हे लॅटिन प्रकरण बनावट आहे, खरा शब्द अरबी-फारसीतून आला. साहेबानं स्वतः सांगितलं. पण ऐकतं कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

काकूंचा डोळा एव्हाना बरा झाला होता. त्या म्हणाल्या, “पण ऑरेंज नावाचं गाव आहे ना फ्रान्समध्ये? आमचा भाचा जाऊन आलाय. तिथूनच नाव पडलं असेल.” आणि सगळ्यांकडे अशा बघितल्या, जिंकल्याच!

आहे ना गाव. रोमनांच्या वेळचं. पण त्याचं जुनं नाव अराउसिओ, एका जुन्या जलदेवतेचं. त्याचं घासून घासून ऑरेंज झालं. फळाशी काडीचा संबंध नाही. याला म्हणतात बादरायण संबंध! मात्र एकाच गावठाणात दोन सारखी नावं नांदायला लागल्यावर लोकांची गल्लत व्हायचीच. फळाच्या नावात अ जाऊन ओ आला, त्यात सोन्याचा हात आहे तसा या गावाचाही असावा, असं जाणकार म्हणतात. काकूंचा चेहरा जरा पडला, पण अगदीच हरल्या नाहीत.

आणि त्या गावाची भानगड तर मूळ शब्दाहून भारी! ऐका. ते गाव म्हणजे छोटं संस्थान. १५४४मध्ये तिथला राजपुत्र लढाईत गेला, मूलबाळ नाही, आणि सगळी इस्टेट गेली कुणाला, तर चुलत घरातल्या ११ वर्षांच्या पोराला. विल्यम त्याचं नाव. तो राहणार कुठे, ते फ्रान्समधलं गाव कुठे! पण बिरुद मिळालं, प्रिन्स ऑफ ऑरेंज. हाच पुढे डच लोकांचा राष्ट्रपिता झाला. म्हणून त्यांची फुटबॉल टीम बघा, नखशिखांत नारिंगी. पुढे १७१३च्या तहात गावच फ्रान्सकडे गेलं. गाव गेलं, नाव राहिलं! अजून त्यांच्या राजघराण्यात चालू आहे. आणि गंमत काय, एवढं ऑरेंज ऑरेंज करतात, पण फळाला डच लोक काय म्हणतात? सिनासआपेल. म्हणजे चिनी सफरचंद! घ्या.

आता त्याच घराण्यातल्या पणतूचं लग्न. हाही विल्यमच. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, तोच हो, ज्याला पोर्तुगीज राजकन्येबरोबर आपली मुंबई आंदण मिळाली, १६६१च्या करारात. त्या चार्ल्सची पुतणी मेरी. १५ वर्षांची, उंचीपुरी, देखणी. आणि हा प्रिन्स ऑफ ऑरेंज २७चा, दम्यानं बेजार, तिच्याहून चांगला चार बोटं बुटका. १६७७मध्ये घरच्यांनी ठरवूनच टाकलं. पोरीला कळलं तेव्हा ती सगळी दुपार आणि दुसरा अख्खा दिवस रडली म्हणे. म्हणे काय, तिच्या धर्मगुरूनं रोजनिशीत लिहून ठेवलंय! बिच्चारी.

पण कहर पुढेच आहे. ११ वर्षांनी याच जावयानं फौज घेऊन सासऱ्यावर चाल केली. सासरा दुसरा जेम्स, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर होता. त्याला पळवून लावलं आणि १६८९मध्ये नवराबायको दोघं मिळून गादीवर बसले! सख्खी मुलगी हो! मला तर ऐकून कसंसंच झालं. आणि त्याच्या पाठीराख्यांचा रंग म्हणून आयर्लंडच्या झेंड्यात तो नारिंगी पट्टा आहे. आफ्रिकेतली ऑरेंज नदीसुद्धा याच घराण्याच्या नावाची, १७७९मध्ये ठेवलेली. पाण्याचा रंग बघायला जाऊ नका. फळाशी संबंध नसलेल्या एका गावानं केवढं साम्राज्य थाटलं बघा.

आणि हे कुणाला सांगू नका हं, माझं नाव तर मुळीच घेऊ नका... त्या चार्ल्स राजाची एक आवडती होती, नेल ग्विन. ती लंडनच्या थिएटरात काय विकायची? ऑरेंज! १६६३मध्ये थिएटर उघडलं, तिथे खेळ चालू असताना टोपली घेऊन फिरायची. मग स्टेजवर गेली, मग राजाच्या नजरेत भरली. म्हणजे काकाच्या महालात ऑरेंजवाली, आणि पुतणीच्या नशिबी ऑरेंजवाला! हे ऐकून वहिनींच्या सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसत नाहीत, तुम्हाला माहितीये.

तर काय सांगत होते? हां, रंग. इंग्रजांकडे या रंगाला नावच नव्हतं! खरंच. फळ येईपर्यंत पिवळट-लाल म्हणायचे, नाहीतर सरळ लाल. तो रॉबिन पक्षी असतो ना, नाताळच्या कार्डावरचा, त्याची छाती धडधडीत नारिंगी. पण नाव पडलं रेडब्रेस्ट, लाल छातीचा. कारण तेव्हा दुसरा शब्दच नव्हता. त्यांचा मोठा कवी चॉसर, १४व्या शतकातला, कोल्ह्याचा रंग सांगताना म्हणतो पिवळ्या आणि लालच्या मधला. एवढा कवी, पण अडला बिचारा. रंगासाठी ऑरेंज शब्द रुळला तो थेट १६व्या शतकात. फळ आधी, रंग मागाहून.

मग गोड फळाची एंट्री. ती जास्त करून पोर्तुगीजांमुळे. त्यांच्या जहाजांनी पूर्वेकडून गोड जात नेली आणि युरोपभर विकली. आणि लोक कसे असतात! लगेच फळाला विकणाऱ्याचं नाव. ग्रीक म्हणतात पोर्तोकाली, तुर्क म्हणतात पोर्ताकाल, अरब बुर्तुकाल. आणि इराणी? ज्यांनी नारंग हा शब्द पुढे नेला, ते आता गोड फळाला काय म्हणतात, पोर्तेगाल! आपल्याच हातानं पाठवलेल्या मुलीला ओळख दाखवेनात. आणि खुद्द पोर्तुगालात काय म्हणतात ते विचारा. लारांजा! त्यांनी न काढून तिथे ल बसवला. कुणाचा कुणाला पायपोस नाही.

यावर नागपूरच्या वहिनींनी विचारलंच, “आणि आमचं संत्रं? ते कुठलं गं?” पदर सावरून, जरा भीत भीतच विचारलं.

तर त्या संत्र्यावरही कोशवाल्यांची भांडणं आहेत. हॉब्सन-जॉब्सनवाले म्हणतात, पोर्तुगालात सिंत्रा गाव आहे, तिथल्या नारिंगांवरून. वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. पण थांबा, बाबर! हो, मोगल बाबर. त्यानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली फळं लिहिलीत, त्यात संगतरा आहे. १५२६नंतरच्या पाचेक वर्षांतलं लिखाण ते. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ला. आता तुम्हीच सांगा, तीस वर्षांत सिंत्रा गावाचं नाव आग्र्याच्या बागेत जाऊन फारसी वळणाचं होऊन बसलं? मला नाही बाई पटत. पुढे म्हणे मोहम्मदशहा रंगील्याला संगतरा नाव आवडेना, कारण फारसीत संग म्हणजे दगड. एवढ्या रसाळ फळाला दगड कशाला? त्यानं केलं रंगतरा. पण बादशहाचं कुणी ऐकलं नाही. आपण संत्रंच म्हणतो. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

पण खरा बॉम्ब तर शेवटी टाकला त्या पोरीनं. म्हणाली, “वहिनी, शास्त्राच्या भाषेत आपलं नागपूरचं संत्रं ऑरेंज नाहीच. ते मँडरिन.” वहिनींच्या हातातली फोड हातातच! २०१४मध्ये जीआय मिळालेलं, रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपं आणली म्हणतात ते, आंबिया आणि मृग असे दोन दोन बहार येणारं आमचं संत्रं, आणि ऑरेंज नाही?

पण मँडरिन म्हणजे काय, ते ऐका. संस्कृत मंत्री. तो मलायात गेला, मेंतेरी झाला. पोर्तुगीजांनी उचलला, मंदारिं केला, आणि चीनच्या बड्या अधिकाऱ्यांना चिकटवला. त्यांच्या झग्यांच्या रंगावरून फळालाही तेच नाव पडलं, असं म्हणतात. म्हणजे मँडरिन म्हणजे मंत्री! आता सांगा, दर डिसेंबरात अधिवेशनाला सगळे मंत्री नागपूरला जातात, तेव्हा बाजारात मँडरिनच मँडरिन. १९५३च्या नागपूर करारानं मंत्री येतात, आणि संत्री आधीपासून आहेतच. हे ऐकल्यावर मास्तरांनी पेपर चक्क घडी करून ठेवला आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते तेच. म्हणाले, “यातला कोण जास्त आंबट, ते विचारू नका.”

आणि जाता जाता कुळ-गोत्रही सांगून टाकते. जनुकं तपासणाऱ्यांनी शोधून काढलंय, की ते कडू नारिंग, ज्याच्यावरून एवढं रामायण झालं, ते मुळात संकर. आई पपनस, बाप मँडरिन. म्हणजे नागपूरचं संत्रं हे ऑरेंजच्या बापाच्या घराण्यातलं. वहिनींनी एवढं ऐकलं आणि पेटीतली उरलेली संत्री एकेकीच्या पिशवीत दोन दोन घातली. मला तीन मिळाली, पण ते असू द्या. पपनस हे नावसुद्धा आपलं नाही हं, ते डचांच्या पोंपेलमूसवरून आलं म्हणतात. म्हणजे फळ पूर्वेकडचं आणि नाव डचांचं, आणि डचांकडे ऑरेंज घराणं असून फळ चीनचं. काय म्हणावं!

आता माझं मत विचाराल तर सांगते. शब्दाचं कूळ काढायला बसलं की चेहरा कुणासारखा दिसतो यावर जायचं नाही. सोन्यासारखा दिसला म्हणून सोन्याचा होत नाही, गावासारखा दिसला म्हणून गावाचा होत नाही. आधी कुणाच्या घरी होता, मग कुणाकडे गेला, कोणत्या सालात, कोण कुणाशी व्यापार करत होतं, हे बघायचं. तेवढं धरलं की खोट्या पत्रिका आपोआप गळतात. आणि दर वेळी इंग्रजांच्या नावानं बोटं मोडायचीही गरज नाही, त्यांच्या खात्यावर खरे गुन्हे काय कमी आहेत?

आणि एक सांगते. परवा तुमची नात रंगपेटी घेऊन बसली होती ओट्यावर. ऑरेंज कलर, ऑरेंज कलर म्हणत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला सांगा, बाळ, नारिंगी म्हण. अर्ध्या जगानं जो न हरवला, तो आपल्याकडे कधी हरवलाच नव्हता.